कपाचा एक कान

बहात्तरचा दुष्काळ मागं पडून उसाला पुन्हा तुरे आले होते, त्या हिवाळ्यातली गोष्ट. कृष्णात बाबर लष्करातून रजेवर आला तेव्हा पलूसच्या स्टँडवर निम्मी वाडी त्याला उतरवून घ्यायला आली होती. हलगी होती, गुलाल होता. वाडीतल्या बागायतदार लालासाहेबांचा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट धुऊन उभा होता आणि बैलांच्या शिंगांना बांधतात तसे गोंडे त्याच्या दिव्यांना बांधले होते. कृष्णातनं फलटणीत मोठा कप जिंकलाय, एवढं सगळ्यांना कळलं होतं. कशात जिंकलाय, ते मात्र कुणालाच उमगलं नव्हतं.

"कुस्ती न्हवं म्हणतोस?" चुलता नाथाजी म्हणाला.

"न्हवं तात्या. गोल्फ."

"ते काय आसतंय?"

"लांब एक गल आसती, गोट्यांच्या गलीएवढी. काठीनं मारत मारत चेंडू नेऊन तिच्यात घालायचा. कमी फटक्यात घालंल त्यो जिकला."

"लांब म्हंजी?"

"हितनं त्या कारखान्याच्या वळणापस्तोर धरा."

"आन मधी अडवतंय कोण?"

"कोण न्हाई."

नाथाजीनं पटका सारखा केला. "कोण अडवत न्हाई तर माणूस हरतंय कसं रं?"

सगळे हसले. कृष्णातही हसला. "आपलं आपुनच हरतंय, तात्या. त्योच तर खेळ हाय."

हे काही कुणाला पटलं नाही. पण कप मोठा होता. हातभर उंच, पांढराशुभ्र, दोन्ही अंगांना बाकदार कान. एवढा कप पैलवानालाच मिळतो, म्हणून मिरवणूक पैलवानाचीच निघाली. कृष्णातला ट्रॉलीत बसू दिलं नाही. "बसतोस काय बामणाच्या नवरदेवागत? उभा ऱ्हा गड्या! कप वर धर!" तो उभा राहिला. दोन्ही हातांनी कप डोक्यावर धरला. उन्हात कप असा झळकला, की शेतात खुरपणाऱ्या बायांनी डोळ्यांवर हात धरले.

अंजना, त्याची बायको, दारात आरतीचं ताट घेऊन उभी होती. तिला तो लांबूनच दिसला. आधी कप दिसला, मग त्याखालचा माणूस. आणि पाटाच्या मोरीवर ट्रॅक्टर चढताना ट्रॉलीचं मागलं चाक कडेवरून घसरलेलंही तिलाच दिसलं. कप सोडून त्यानं ट्रॉलीचा कठडा धरला असता तर तो सावरला असता. पण हात कपाला होते. पडतानासुद्धा त्यानं कप छातीशी घेतला, लेकराला घ्यावं तसा, आणि डाव्या अंगावर पाटाच्या दगडी काठावर आदळला.

कपाला ओरखडा आला नाही. कृष्णातच्या खुब्याचं हाड मोडलं.

*

मिरजेच्या दवाखान्यात त्याच्या डाव्या पायाला पट्ट्या गुंडाळल्या, खाटेच्या टोकाला कप्पी बसवली आणि कप्पीवरून दोरीला विटा टांगल्या. घर बांधायच्या विटा. हाड ताणून जागेवर यावं म्हणून. फलटणीला तार गेली, रजा वाढली. पुण्याच्या लष्करी दवाखान्यात न्यायचं म्हटलं, तर हलवायचं नाही असं डॉक्टर म्हणाले. मग अंजनानं सासूच्या, मनुबाईच्या, हवाली घर केलं आणि ती खाटेखाली चटई टाकून राहू लागली.

विटा कधी हलायच्या नाहीत. वारा आला तरी नाहीत. तिला वाटायचं, नवऱ्याचा पाय आता त्या विटांचाच झाला. आपला राहिला नाही.

"डाक्टर, चालत्याल न्हवं ह्ये?" ती रोज विचारायची.

"हाड धरतंय का बघू. उभं राहता आलं तरी नशीब म्हणायचं."

दुसऱ्या बाजूनं रोज कृष्णात विचारायचा, "कप नीट हाय न्हवं घरात?"

"हाय की. आत्यांनी देव्हाऱ्यात ठेवलाय. रोज हळदकुंकू वाहत्यात."

"देव्हाऱ्यात?" त्याला हसू यायचं आणि हसताना खुब्यात कळ यायची.

गोल्फ त्यानं निलगिरीच्या छावणीत पाहिला होता. साहेबाची काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन तो मागं मागं चालायचा. साहेब चेंडू झाडीत घालायचा, हा शोधून आणायचा. पारव्याच्या अंड्याएवढा पांढरा चेंडू. रानातली अंडी शोधत लहानाचा मोठा झालेल्या माणसाला ते काय अवघड? एकदा साहेबानं गंमत म्हणून काठी हातात दिली. ऊस तोडणाऱ्याची कंबर होती ती. कोयता फिरावा तशी काठी फिरली आणि चेंडू धुक्यात गेला तो कुणाला दिसलाच नाही. साहेब दिलदार. त्यानं मागं लागून शिकवलं, आणि गेल्या उन्हाळ्यात साहेबलोकांच्या सामन्यात शिपायाचं नाव घातलं. शेवटच्या हिरवळीवर कृष्णातचा चेंडू गलीच्या काठाशी थांबला, दम खाल्ल्यागत थांबला, आणि आत गेला.

हे तो अंजनाला सांगायचा. सांगताना त्याचे हात चादरीवर एकात एक गुंतायचे, नसलेली काठी धरायचे, आणि खांदे जरासे वळू बघायचे. मग विटा पाय ओढून धरायच्या. अंजना त्याच्या तळपायाला खोबरेल चोळत बसायची.

शेजारच्या खाटेवर बादशहा होता. सतारीच्या गल्लीतला कारागीर. रंधा लागून त्याच्या मनगटाची शीर तुटली होती, बोटं बधिर झाली होती. त्याची बायको खातूनबी डब्यातली निम्मी भाजी अंजनाच्या ताटलीत घालायची.

"मैं तो मिरासाहेबाला चादर बोलले," एकदा ती म्हणाली. "तुझ्या माहेरात कोन देवी-बिवी हाय का न्हाई? तिला कायतरी बोल ना बहन. नुस्तं पाय चोळून काय व्हतंय?"

अंजनाचा हात तेलातच थांबला.

*

तिचं माहेर मेढ्याच्या वर, जावळीच्या डोंगरात. तिथं जानाई आहे. पाय दुखणारा तिला पाय वाहतो, डोळे आलेला डोळे. चांदीच्या पत्र्याचे, बोटभर. बोललेलं फळलं की वाहायचं अशी रीत. पण फार अडलेली बाई आधीच वाहते आणि म्हणते, मी माझं दिलं, आता तुझं तू बघ.

अंजना फार अडली होती.

चांदी कुठली आणायची हा विचार तिला करावा लागला नाही. कप तिच्या डोळ्यांपुढंच होता. ज्याच्यापायी पाय गेला त्यानंच पाय द्यावा, हे तिला इतकं सरळ वाटलं, की आपल्याला आधीच कसं उमगलं नाही, याचाच तिला राग आला. सगळा कप नव्हे. त्यानं छातीशी धरून वाचवला होता तो. एक कान तेवढा. दुसरा राहीलच. माणसंही एका कानानं ऐकतात की.

आपल्या बहिणीला, रंगूबाईला, खाटेशी बसवून ती वाडीला आली. मनुबाईनं ऐकून घेतलं. मग उठून तिनं कप आपल्या जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळला आणि सुनेच्या हातात दिला.

"त्येला सांगायचं न्हाई?"

"उठला की सांगू, आत्या."

"व्हय. उठला की सांगू."

कराडला गाडी बदलून ती साताऱ्यात उतरली. तिचा भाऊ केरबा तिथं एका गॅरेजात कामाला होता. त्यानं कप हातात घेऊन उलटासुलटा केला. "आक्का, दाजी मारंल मला."

"मारायला उठू दे तर खरं," अंजना म्हणाली.

लोखंड कापायची करवत केरबानं कानाच्या मुळाशी लावली. कर्रकर्र आवाज निघाला तशी अंजना बाहेर जाऊन उभी राहिली.

पेठेतल्या म्हाताऱ्या सोनारानं तो कान कसोटीवर घासला, पुन्हा घासला, आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"बाई, ही चांदी नव्हे. पितळ आहे. वरून चांदीचं पाणी दिलंय."

"आसं कसं? सायबांचा कप हाय त्यो!"

"साहेबांचंच काम. दिसायला चांदी."

ती खालीच बसली. तोडलेलं जोडता येत नव्हतं आणि जे हवं होतं ते त्यात नव्हतं. सोनाराला काय वाटलं कोण जाणे. त्यानं कान बोटांत धरून उजेडात फिरवला. वरून जाड, मध्ये बाक, खाली निमुळता.

"असाच वाहा की. गुडघ्यात मुडपलेला पाय दिसतोच आहे. मी तरी याहून वेगळा काय करणार होतो?"

आणि खरंच, एकदा दिसल्यावर तो कान पुन्हा कान दिसेना.

दुसऱ्या सकाळी ती डोंगर चढली. चपला खाली करंजाच्या झाडाशी ठेवल्या. माहेरच्या वाटेवर पाय पडले, की ओव्या आपोआप तोंडात येतात. आईच्या, आजीच्या. पण त्या दिवशी तिच्या तोंडी आली ती कुणाचीच नव्हती. वाटेनंच जुळवून दिली तिला.

जानाईच्या डोंगराला चढते मी अनवाणी,
उभा कर माझा धनी, पायी घालीन मी पाणी.

देवळात गुरवीण धोंडुबाई झाडत होती. अंजनानं कान देवीपुढं ठेवला. लबाडी नको म्हणून तोंडानं सांगून टाकलं.

"पितळ हाय आई. तुला फशीवत न्हाई. पर त्येंच्यापाशी जे हुतं न्हवं, त्यातलं सगळ्यात थोरलं ह्येच. तेवढं उभं कर त्येंस्नी. मला दुसरं काय बी नगं."

धोंडुबाईनं त्या पितळी पायाला हळद माखली, कुंकू लावलं आणि भिंतीच्या खिळ्याला, बाकीच्या पायांच्या रांगेत, टांगून टाकला.

*

ती मिरजेला परतली तेव्हा विटा जमिनीवर काढून ठेवल्या होत्या.

हाड धरलं होतं. त्याच आठवड्यात दवाखान्यातल्या दोघांनी दोन्हीकडून धरून कृष्णातला उभा केला. काखेत कुबड्या दिल्या. त्याचे पाय काविळीच्या दुखणेकऱ्यासारखे पांढरे-पिवळे पडले होते, लटलटत होते, पण ते भुईवर होते. अंजनाला रडू आवरेना. खातूनबीनं तिच्या तोंडात साखर घातली. बादशहा आपल्या बधिर बोटांकडं बघत म्हणाला, "तुमचा देव लवकर ऐकतो बाबा. आमच्याकडं गर्दी फार."

संध्याकाळी कृष्णात खाटेवर टेकून बसला होता. तोंडावर किती दिवसांनी रंग होता.

"आता बरं झालं. फलटणीतला मानसिंग येतोय रजेवर, खटावला. जाताना वाडीवरनं कप घेऊन जाईल."

"कुठं घिऊन जाईल?"

"फलटणीत. डाव लागायचा हाय न्हवं आता."

"पर कप आपला हाय की."

"आपला कुठला? फिरता कप हाय त्यो, अंजे. जिकंल त्येच्याकडं सालभर. म्होरल्या साली दुसऱ्याकडं. नाव तेवढं आपलं ऱ्हातंय त्येच्यावर." मग जरा ओशाळून म्हणाला, "वाडीला सांगणारच हुतो मी. पर हलगी वाजाय लागली, मंग ऱ्हायलं."

अंजनानं हातातला तांब्या हळूच खाली ठेवला. उठला की सांगू, असं ठरलं होतं. तो उठला होता.

"त्येचा एक कान मी जानाईला वाहिलाय," ती म्हणाली. "तुमच्या पायासाठनं."

तो हसला. थट्टा वाटली त्याला. मग तिच्या तोंडाकडं बघून हसू विझलं.

"तोडलास?"

"मला वाटलं, आपलाच हाय."

भिंतीकडं तोंड करावं असं त्याला वाटलं असणार. पण अंग वळेना. नुसती मान वळली. तशाच वळल्या मानेनं तो बोलत राहिला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"त्या कपावर नुस्ती सायबांची नावं हायती. करनल, मेजर, ब्रिगेडर. तळाला जागा उरली हुती, तितं पैल्यांदा नाईक लिवलं. नाईक के. बाबर. साहेब म्हणला, कृष्णात, आता हे कुणाला पुसता यायचं न्हाई. आन आता काय म्हणतील? शिपायाच्या हातात दिला आन मोडून आला. म्होरं कुणा शिपायाचं नाव घालतील व्हय त्ये?"

बादशहा पलीकडून ऐकत होता. "भाऊ, आमच्या गल्लीत डाख देणारा हाय. कान आणा, असा बसवील की सांधा दिसायचा न्हाई."

"जा," कृष्णात म्हणाला. "घिऊन ये."

"वाहिलेलं हाय ते."

"अंजे. जा."

*

ती गेली. नवऱ्यानं सांगितलं म्हणून गेली, आणि तो खरं बोलत होता म्हणूनही. गाडीत बसल्यावर तिचं मन एकसारखं हिशेब घालत होतं: देवी म्हणजे आईच की. आईपाशी ठेवलेलं काढून नेलं तर आई काय पाय मोडील? आणि लगेच वाटायचं, ठेवायला दिलं नव्हतं आपण. बदल्यात दिलं होतं. आणि मोबदला मिळालाही.

डोंगर तोच होता. ओवी तोंडात आली नाही.

धोंडुबाईनं ऐकून केरसुणी खाली ठेवली. रागावली नाही. भिंतीकडं बोट केलं.

"त्यो बघ. घे काढून. मी कोण आडवणारी? मी नुसती झाडणारी."

अंजना पुढं झाली. हळदीनं माखलेला तो पाय खिळ्याला लोंबत होता. गुडघ्यात मुडपलेला. तिनं हात वर केला.

"पर बाई," धोंडुबाई मागून म्हणाली, "तिला काय सांगशील? पाय नगं आता, म्हणून?"

हात वरच राहिला. तिला दवाखान्यातली ती फरशी दिसली. त्यावरचे दोन पांढरे पिवळे पाय दिसले. बोटं खिळ्याला टेकली होती. हळद बोटांना लागली. एवढंसं पितळ, पण ते उचलायची ताकद तिच्यात नव्हती. एका बाजूला नवऱ्याचं नाव होतं आणि एका बाजूला नवरा. हे दोन वेगळे असतात हे तिला त्या दिवसापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

हळदीचा हात घेऊन ती खाली उतरली.

मिरजेत कृष्णातनं तिचे रिकामे हात बघितले, बोटांची हळद बघितली. काही विचारलं नाही. घरी सोडलं त्या दिवशीही बोलला नाही. वाडीच्या वाटेवर पाटाची मोरी आली तेव्हा बैलगाडीचा कठडा त्यानं घट्ट धरला.

*

मानसिंग आला तो दिवस मोकळ्या उन्हाचा होता. खटावचा उंचापुरा पोरगा, कृष्णातच्याच फलटणीतला. साहेबांच्या चेंडूंमागं पळणाऱ्या जवानांना काठी धरायला कृष्णातनंच शिकवलं होतं, म्हणून ते त्याला वस्ताद म्हणायचे. यंदाच्या डावात मानसिंगचं नाव होतं. शिपायांपैकी एकट्याचं.

चहा झाला. मग कृष्णात कुबड्यांवर उठला, आत गेला, आणि कप काखेत धरून स्वतः बाहेर आला. मोडकी बाजू त्यानं अंगाकडं धरली होती. अंजना चौकटीला टेकून उभी होती. तिला वाटलं, आता भुई फाटावी.

मानसिंगनं कप घेतला, फिरवला. करवतीचे दोन खडबडीत डाग उन्हात पिवळे दिसले.

"वस्ताद, कान?"

पडताना मोडला, असं कृष्णातला म्हणता आलं असतं. वाडीतल्या कुणीही तशी साक्ष दिली असती. त्यानं एकदा चौकटीकडं बघितलं.

"जानाईपाशी हाय," तो म्हणाला. "माझ्या पायाच्या बदली दिलाय. साहेबाला सांग तसंच."

मानसिंग खटावचा होता. त्यानं कप ओसरीवर ठेवला, तुटक्या जागेला बोटं लावली आणि ती कपाळाला लावली.

"सांगतो. साहेब हसंल."

"हसू दे. म्हणावं, शिपायाचं नाव पुसू नका तेवढं."

जायची वेळ झाली. मानसिंग कप पिशवीत घालून अंगणात उतरला, पुन्हा माघारी आला.

"वस्ताद, त्यो शेवटाकडचा लांबचा फटका. झाडीवरनं काढलेला. मला अजून साधंना झालाय. एकदा दावा की, नुसता हवेत."

कृष्णातच्या डोळ्यांत काहीतरी पेटलं. तो अंगणात उतरला. एक कुबडी भिंतीला लावली, दुसरी उलटी धरून दोन्ही हातांत घेतली. हात एकात एक बसले. पाय रोवले. "हितं बघ. मान न्हाई हलवायची. चेंडू ग्येला तरी नजर हितंच. आन हात मारत न्हाईत, मानसिंग, कंबर मारती." कुबडी मागं गेली, वर गेली. अंजनानं त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. वाऱ्यानं वाकवलेल्या उसासारखा दिसला तो.

कुबडी वरच राहिली.

खांदे आले, हात आले, पण डावा खुबा आला नाही. तो बिजागरी गंजलेल्या दारासारखा होता तिथंच अडकला. कृष्णात तसाच उभा राहिला, वर धरलेल्या कुबडीसकट, मिरवणुकीतल्यासारखा. ओठ पांढरे पडले. मानसिंग धरायला पुढं झाला तशी त्यानं मान हलवली.

"एवढंच. म्होरलं तुला ठावं हाय. जा, गाडी चुकंल."

मानसिंग गेला. पिशवीतून कपाचा उरलेला कान बाहेर आला होता. वळणापर्यंत तो चमकत राहिला, मग तोही दिसेनासा झाला.

अंजनानं खाट बाहेर ओढली, त्याला बसवलं. त्याच्या कपाळावर घाम होता. किती दिवसांनी तो तिच्याशी आपणहून बोलला.

"वळंना, अंजे."

"पर उभं तर ऱ्हायलासा की तुमी. कुबडीबिगर ऱ्हायलासा."

"उभं तर लाकडाची मेढी बी ऱ्हाती गोठ्यातली." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, राग असता तर तिनं सोसला असता. "त्या खेळात उभं ऱ्हाऊन काय व्हत न्हाई. वळायला लागतंय. खुब्यात. सगळा खेळ तितंच आसतोय."

अंजना खाटेच्या पायथ्याशी बसली. डोंगर तिच्या डोळ्यांपुढं आला. आपले शब्द तिला जसेच्या तसे आठवले. तेवढं उभं कर. मला दुसरं काय बी नगं. ओवीतसुद्धा तेच घातलं होतं तिनं. देवीनं मागितलेलं सगळं दिलं होतं. कणभर कमी नाही, कणभर जास्त नाही.

"मला कुठं ठावं हुतं वो," ती म्हणाली. "मी उभं करच म्हणले. वळू दे म्हणायचं आसतंय, ह्ये मला कुठं ठावं?"

"मी तरी कवा सांगितलं?" तो म्हणाला. "गलीत चेंडू घालायचा, एवढंच सांगितलं सगळ्यांस्नी."

आत मनुबाई भांडी आवरत होती. देव्हाऱ्यात कपाच्या बुडाएवढी जागा हळदीनं पिवळी राहिली होती. म्हातारीनं ती पुसली नव्हती.

मग अंजना उठली. पदर खोचला. भिंतीला लावलेली कुबडी तिनं घेतली, उलटी केली आणि अंगणाच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"काय करतीस?"

"दावा मला. कसं वळायचं आसतंय ते."

"खुळी का काय? वाटंवरनं माणसं जात्यात."

"जाऊ द्यात. न्हाई कळलं तर पुन्यांदा चुकीचंच मागीन मी."

उसाची गाडी रस्त्यानं चालली होती. गाडीवानानं बैल सावकाश केले आणि मान वळवून बघितलं. कृष्णातनं त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. खाटेवरून पुढं वाकला.

"डावा हात वर. आंगठा असा न्हाई, ह्या अंगाला. हां. पाय रोव."

तिनं पाय रोवले. जोडवी मातीत रुतली.

"मान हलवू नगंस. आता कुबडी मागं ने. आन ये, पर हातानं न्हाई. खुब्यातनं ये."

ती वळली. कुबडी हवेतून सुंकन गेली, लुगड्याचा घोळ पायांभवती फिरला, आणि तोल जाऊन ती दोन पावलं पुढं गेली.

"पाय हलला," कृष्णात म्हणाला. त्याचा स्वतःचा हात डाव्या खुब्यावर होता. "पुन्यांदा."